वरातीच्या घोडीवर शिकले, आता सर म्हणतात एक काहीतरी पकड. जंपिंग की ड्रेसाज? (सोलापूर)

चांदणीवाली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, वय २३. आजोबांचा टांगा होता, स्टेशन ते सात रस्ता. काकांनी टांगा बंद करून वरातीच्या घोड्या ठेवल्या, आता तीन आहेत. म्हणजे घरात घोडं आधीपासूनच, पण मुलींनी बसायचं ते फोटोपुरतं. मी मात्र पहाटे घोडी पाण्याला न्यायच्या निमित्ताने बसायचे, खोगीर नाही रिकीब नाही, नुसती अयाळ धरून, आणि आई उठायच्या आत परत. लग्नसराई संपली की घोड्या रिकाम्या, मग तर आमचंच राज्य.

गेलं दीड वर्ष महिन्यातून दोन शनिवार पुण्याला एका रायडिंग क्लबला जाते, शुक्रवारी रात्रीची एसटी पकडून. पहिल्याच दिवशी तिथले सर म्हणाले बॅलन्स मस्त आहे पण पाय काय चिमट्यासारखे आवळलेस, घोडा आहे तो, पळून नाही जात. आता राइजिंग ट्रॉट (दुडकीच्या ठोक्यावर उठत बसत), कँटर (त्याहून वेगाची चाल) बऱ्यापैकी जमतं, ६० सेंटिमीटरच्या उड्या मारतेय. आणि आता सरांनी लकडा लावलाय की एक काय ते ठरव, जंपिंग म्हणजे दांड्यांवरून उड्या, की ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमक्या करून घेणं, सगळं थोडं थोडं केलंस तर कशातच काही होणार नाही. बाकीच्या पोरींचं ठरलंय, त्यांचे स्वतःचे घोडे आहेत, रेसमधून रिटायर झालेले उंचेपुरे थरोब्रेड, त्या जंपिंग करणार. माझ्याकडे घरची चांदणी. नऊ वर्षांची, मारवाडी क्रॉस, ५८ इंच, कान आतल्या बाजूला वळलेले, स्वभावाने सोनं. पण हलगी वाजली की जागेवर नाचायला लागते, तेच शिकलीय बिचारी.

२०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या टीमला ड्रेसाजचं गोल्ड मिळालं तेव्हापासून घरी सगळे म्हणतात, ते नाचाचं कर की, आपल्याला नाच येतोच. तसं नसतं हे मला कळतं, पण किती नसतं ते कळत नाही. तर तुम्ही लोकांनी आपापलं कसं ठरवलं? की ठरवलंच नाही, आपोआप झालं?

रोखठोक
ताई वाईट वाटून घेऊ नका पण हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. आपल्या ड्रेसाजच्या टीममधली पोरं युरोपात राहून शिकली, तिथल्याच घोड्यांवर. एसटीने जाऊन होत नाही हे. हौस म्हणून करा, डिसिप्लिन बिसिप्लिन (म्हणजे एकच प्रकार धरणं) कशाला.

वीस_बाय_साठ
रोखठोक, तिने ऑलिम्पिकचं विचारलेलं नाही, कुठल्या रस्त्याने जाऊ एवढंच विचारलंय. कॅरम खेळणाऱ्या प्रत्येकाला आपण वर्ल्ड कपचं विचारतो का.

चांदणीवाली, मी पण मूळची आपल्याकडचीच, जुळे सोलापूर, आता नोकरीमुळे पुण्यात. माझं आधी ठरलं होतं जंपिंग. म्हणजे ठरवायला काय लागतं, सगळे तेच करत होते, त्यात थरार आहे, बघायला येणाऱ्यांना पण कळतं, दांडी पडली की ४ फॉल्ट, संपला विषय. चार वर्षं केलं. ९० सेंटिमीटरपर्यंत गेले. मग एका ऑक्सरला (दोन दांड्यांची रुंद उडी) घोडा ऐन वेळी थांबला आणि मी एकटीच पलीकडे गेले, कॉलरबोन. सगळ्यांना वाटतं मी घाबरून ड्रेसाजला आले. तसं नाही झालं. बरी झाल्यावर परत जंपिंगच सुरू केलं होतं, सहा महिने. पण त्या सहा महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली की मला उडीची मजा येतच नव्हती, मला मजा यायची ती दोन उड्यांच्या मधल्या भागाची. वळण घेताना घोड्याचा मागचा आतला पाय पोटाखाली आला की नाही, डाव्या लगामावर तो का लोंबकळतोय, कँटर अजून थोडा आटोपशीर होईल का, हेच डोक्यात. उडी आली की वाटायचं, अरे आत्ता कुठे जमत होतं. आणि मैत्रिणीचं बरोबर उलटं, तिला फ्लॅटवर्क (उड्यांशिवायचा सराव) म्हणजे शिक्षा, उडीसाठी भरायची फी. ती आजही जंपिंग करते आणि छान करते.

म्हणून माझं मत, स्पर्धेचे व्हिडिओ बघून ठरवू नकोस. मंगळवारी सकाळी कोणी बघत नसताना जे करायचं असतं ते बघ. ड्रेसाजमध्ये मंगळवार म्हणजे वीस मीटरचं वर्तुळ, परत वीस मीटरचं वर्तुळ, ते अंड्यासारखं झालं म्हणून परत. परीक्षेत एकेका हालचालीला ० ते १० मार्क, १० फार क्वचित बघायला मिळतो, ६ मिळाला की आपण पेढे वाटतो.

आता नाचाचं. हे मी जरा सविस्तर लिहिते कारण घरच्यांना तुला सांगावं लागेल. ड्रेसाजमध्ये पियाफ म्हणून एक प्रकार आहे, अगदी वरच्या लेव्हलला, जागच्या जागी ट्रॉट. लांबून बघितलं तर वरातीतली घोडीच वाटेल. फरक कुठे आहे तर पाठीत. पियाफमध्ये घोडा मागच्या पायांवर वजन घेतो, पुठ्ठा (मागचा भाग) खाली जातो, मान वर येते पण पाठ उचललेली आणि लगाम हलका. कर्णातले दोन दोन पाय (पुढचा डावा आणि मागचा उजवा असे) एकत्र उचलले जातात, ठोका एकसारखा. वरातीत आपण लगाम आवळून धरतो, घोडी तोंड वर करते, पाठ खाली दबते, आणि पुढचे पाय आपटत राहते. बघणाऱ्याला दोन्ही नाचच. तू पाठीवर बसलेली असशील तर फरक आपोआप कळेल, एकात खाली गादी असते, दुसऱ्यात खड्डा. चांदणीच्या नाचात तुला काय लागतं खाली, खड्डाच ना? वर्षानुवर्षं तसं चाललेल्या घोडीला ड्रेसाज शिकवायचं म्हणजे पहिले कित्येक महिने फक्त मान खाली सोडून, पाठ मोकळी करून चालायला शिकवायचं. कंटाळवाणं आहे. मला त्यातच मजा येते, तुला येईल का ते मला काय माहीत.

जाता जाता एक, १९५२ पर्यंत ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये बायकांना घेतच नव्हते. त्या वर्षी हेलसिंकीला घेतलं आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने सिल्व्हर घेतलं. पोलिओमुळे तिच्या गुडघ्याखाली ताकद नव्हती, घोड्यावर चढवायला उतरवायला माणूस लागायचा. पाय आवळून घोडा चालवण्याची सवय असलेल्या मुलीने (म्हणजे तू आणि एकेकाळी मी) हे अधूनमधून आठवावं.

माजी_सवार
बेटा, जंपिंग आणि ड्रेसाज दोनच आहेत असं कोणी सांगितलं? टेंट पेगिंग बघितलंस का. १९८२ च्या दिल्ली एशियाडला घोडेस्वारीत आपल्याला तीन गोल्ड, दोन इव्हेंटिंगची (ड्रेसाज, क्रॉस कंट्री, जंपिंग तिन्ही एकत्र) आणि एक टेंट पेगिंगचं. त्यानंतरचं गोल्ड थेट तुमचं हांगझोऊचं, ४१ वर्षांनी. जमिनीत मेख, हातात भाला, घोडा चौखूर. उघड्या पाठीवर शिकलेल्या पोरीचं बूड घट्ट असतं, ते क्लबात पैसे भरून येत नाही. अडचण एकच, फौज आणि पोलीस सोडून बाहेर शिकवणारे कमी. कॉलेजात असताना एनसीसीच्या आर अँड व्ही (घोडेस्वारीच्या) युनिटला गेली असतीस तर सोपं झालं असतं.

आणि हेल्मेट घालते ना? फेटा नव्हे, हेल्मेट.

चांदणीवाली
घालते काका 😄 पुण्याला घालते. घरी कधी कधी राहतं. (राहणार नाही आता.)

वीसबायसाठ ताई, तुमचं दोनदा वाचलं. खड्डाच लागतो. मला वाटायचं मारवाडी घोडीची पाठच तशी असते.

माळशिरसचा_ऊसवाला
राम राम. आमच्याकडं अकलूजला घोडेबाजार भरतो दिवाळीच्या आगं मागं, तिथनं मी दोन वेळा घोडं घेतलं आणि दोन्ही वेळा फसलो, तिसरं मात्र असं लागलं की त्यानंच माझा मार्ग ठरवला. म्हणून म्हणतो घोड्याला विचारा.

माझं असं झालं, मला जंपिंगचं वेड. गड्याकडनं बांबूच्या दांड्या रंगवून घेतल्या, वापशावर रानात रचल्या. घोडं मारवाडी, सहा वर्षांचं, दांडीजवळ जायचं, थांबायचं, वास घ्यायचं आणि शेजारून जायचं. मारून मुटकून एक दोन उड्या मारल्या पण मनापासनं नाही. आणि तेच घोडं संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्याला लागलं की माळीनगर कधी आलं पत्ता नाही, घाम नाही धाप नाही, कान पुढं. एका ओळखीच्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणला अरे हे एंड्युरन्सचं घोडं आहे, तू त्याला दांड्या कशाला दाखवतोस.

एंड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, पण नुसती पळवायची नाही. ४० किलोमीटर, ६०, ८० अशा पायऱ्या, वर्ल्ड चॅम्पियनशिप १६० ची असती, एका दिवसात. टप्प्याटप्प्यानं जायचं, प्रत्येक टप्प्यानंतर डॉक्टर घोडं तपासतो, ठराविक वेळेत नाडी ६४ च्या आत आली पाहिजे, हिरडी दाबून बघतात रंग किती लवकर परत येतो, पोटाचे आवाज ऐकतात, मग दुडकी पळवून लंगडत नाही ना बघतात. यात नापास तर घरी, मग तुम्ही पहिले आलेला असा का शेवटचे. मला हेच आवडलं बगा. माझ्या पहिल्या ४० ला मी जोशात सगळ्यांच्या पुढं, आणि नाडी ७२ वर अडकली, खाली येईना. बायकोनं चार टॉवेल (आपले सोलापूरचेच, त्यांच्यासारखं पाणी कोण धरत नाही) ओले करून मानेवर टाकायचे, काढायचे, परत टाकायचे, असं चालवलं. ६६ वर आली आणि वेळ संपली. माझ्या मागनं आलेली एक शाळकरी पोरगी घोड्याशी गप्पा मारत मारत पास होऊन गेली. त्या दिवशी कळालं यात पळवणं कमी आणि थांबवणं जास्त आहे.

ताई तुमच्या चांदणीचं एक काम करा. डांबरी रस्त्यावर कुणाला तरी दुडकी पळवायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून टापा ऐका. टप टप, टप टप असे दोन ठोके आले तर ट्रॉट. चार वेगवेगळे ठोके आले, टपटपटपटप, तर ती रवाल चालतीय. बाजारात रवाल घोड्याला भाव जास्त, बसायला पाळण्यासारखं, पण ड्रेसाजवाल्यांना ट्रॉट दोन ठोक्यांचाच लागतो. ते तिथंच कळंल.

रिंगण बघता का हो तुम्ही? तुकोबांच्या पालखीचं अकलूजला गोल रिंगण असतं. एवढी माणसं, टाळ मृदंग, आणि घोडं मधून सुसाट. तुमच्या चांदणीला हलगीत नाच शिकवता येतो तर हलगीत शांत राहणं पण शिकवता येतंय की, तेवढं ध्यानात ठेवा.

बार्शीचे_ढोरडॉक्टर
वरचे सगळे बरोबर. मी पशुवैद्यक, त्यामुळे माझं रटाळ. चांदणीची पाठ आधी तपासून घ्या. वरातीचं खोगीर बहुतेक वेळा शोभेचं असतं, मण्यांचं, जड, मधोमध टेकणारं. बोटांनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेच्या बुडापासून मागे दाब देत जा, जिथे कातडी थरथरते किंवा पाठ पटकन खाली जाते तिथे दुखतंय. दुखऱ्या पाठीच्या घोडीला कोणतीही डिसिप्लिन सारखीच, सगळीच नको असते. आमच्याकडे "उडी मारत नाही, हट्टी आहे" म्हणून आणलेल्या घोड्यांत निम्म्या वेळी हट्ट खोगिराखाली सापडतो.

वजन, तुम्ही अधिक खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, कमी असेल तर उत्तम. नवरदेव मोजू नका, ते वेगळंच प्रकरण आहे.

तिसरं जमीन. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात साबण होते. उड्या असोत नाहीतर वर्तुळं, भेगेत खूर अडकला की शिर गेली. मुरमाचा प्लॉट बघा, वर थोडी वाळू पसरा. आणि मार्च ते जून सकाळी सातच्या आत घोडं परत तबेल्यात.

जंपिंगवाला_गडी
सगळे मिळून पोरीला जंपिंगपासून पळवताय की ओ. कुणीतरी बाजू घ्यायला पाहिजे. चांदणीवाली, ६० सेंटिमीटरला कंटाळा आला असं तू कुठं लिहिलेलं नाहीस, मला तेवढंच बघायचंय. उडीच्या आधी मोजणं असतं, ते लई भारी असतं. पायी कोर्स चालायचा, माणसाची चार पावलं म्हणजे घोड्याची एक कँटर स्ट्राइड (ढांग), साधारण साडेतीन मीटर. दोन पावलं उतरायला, दोन उचलायला. मोठ्या थरोब्रेडला पाच स्ट्राइड बसतात तिथं ५८ इंचवालीला सहा लागतील, मग तू आधीच ठरवून जायचं, सहा. आतल्या बाजूनं वळून वेळ वाचवायचा. लहान चपळ घोडी जंप ऑफला (बरोबरी झाली की होणारी वेळेवरची फेरी) मोठ्यांना रडवते. हिशेब आवडत असेल तर हेच कर. आणि रेसमधनं आलेल्या थरोब्रेडचं कौतुक ऐकून दबू नकोस, त्यांना वळायला शिकवण्यातच वर्ष जातं.

रोखठोक
ठीक आहे, मी माझं मागे घेतो. अर्धं. खर्चाचं कोणीच बोलत नाहीये मात्र.

वीस_बाय_साठ
बोलते. स्वतःच्या घोडीवर ड्रेसाज शिकायला सपाट जागा आणि चुन्याची फक्की लागते. फक्की म्हणजे क्रिकेटच्या पिचला मारतात ती. २० बाय ४० आखायचं, कडेने आठ अक्षरं, ए के ई एच सी एम बी एफ, जज सीला बसतो. मी सुरुवात केली तेव्हा अक्षरं रंगाच्या रिकाम्या डब्यांवर लिहिली होती. शिकवणारा महिन्यातून दोनदा भेटला तरी मधले दिवस वाया जात नाहीत, मोबाईल डब्यावर ठेवून शूट करून पाठवता येतं. जंपिंग एकटीने करू नये, खाली माणूस पाहिजेच, दांड्या उचलायला आणि तुला उचलायला. एंड्युरन्सला रस्ता फुकट पण नालबंद वरचेवर. खर्च स्पर्धांना जायला लागलं की खरा सुरू होतो, घोडी ट्रकमध्ये घालून न्यायची म्हणजे, त्याबद्दल रोखठोक बरोबर आहेत.

चांदणीवाली
तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, लग्नाच्या तारखा होत्या.

डॉक्टरसाहेब, पाठ बघितली. डाव्या बाजूला खोगीर टेकतं तिथे बोट ठेवलं की खाली बसते. काकांना दाखवलं. काका आधी म्हणाले वीस वर्षं हेच खोगीर आहे, मग स्वतः बोट ठेवून बघितलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. आता तिच्या तारखा दुसऱ्या घोडीला दिल्यात, मी रोज पंधरा मिनिटं नुसती हाताने धरून चालवतेय, गेल्या रविवारपासून पाठीवर बसतेय, खोगिराऐवजी जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून. म्हणजे परत उघड्या पाठीवरच आले.

उसवाले दादा, टापा ऐकल्या. भावाने पळवली, मी होटगी रोडला पहाटे साडेपाचला कट्ट्यावर डोळे मिटून बसले, एक दूधवाला थांबून विचारून गेला बरं नाही का. दोन ठोके आहेत! पण मागून रिक्षा आली, ती बिचकली, आणि लगेच चार झाले. रिक्षा गेली तसे परत दोन. नाडी पण मोजली, जबड्याखाली बोट लावून, बसल्या जागी ४०.

आणि मग फक्की आणली. जवळच एक मुरमाचा प्लॉट आहे, मालकांनी परवानगी दिली, पण अट घातली की लीद तिथेच टाकायची, त्यांना झाडांना पाहिजे. तिथे एकच वर्तुळ आखलं, वीस मीटरचं, मधे खुंटी मारून दहा मीटरची दोरी फिरवून. त्यावरून चालवली. डाव्या हाताला नीट जाते, उजव्या हाताला दर वेळी त्याच जागी बाहेर फुगते, बाभळीच्या बाजूला. बाभळीत काही नाही, मी उतरून बघून आले. मग लक्षात आलं मीच तिथे बाभळीकडे बघतेय, कारण मला वाटतंय ती बाहेर जाईल. खुंटीकडे बघायला लागले तर फुगवटा निम्मा झाला. एवढ्यासाठी पाऊण तास गेला आणि मला वाटलं दहाच मिनिटं झालीत.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी हळदीची हलगी सुरू झाली. चांदणीने मान वर घेतली, पाठ गेली खाली, आणि झालं, नाच. मी नेहमी आवळते तसा लगाम आवळणारच होते. सोडून दिला. पूर्ण सैल. चारसहा पावलं नाचली, मग थांबली, कान मागे माझ्याकडे, म्हणजे आता काय करू असं. मी पण काही केलं नाही. मग खाली मान घालून फुर्र केलं आणि चालायला लागली, हलगी चालूच होती.

सरांना सांगितलंय अजून दोन महिने काही ठरवत नाही. जंपिंगवाले दादा, पुण्याला उड्या चालूच आहेत, पावलं मोजून बघते आता, खरंच मजा येते. काका काल विचारत होते प्लॉटवर ते पांढरं गोल कसलंय, कुणी करणी केली की काय. अजून सांगितलं नाही, उद्या अक्षरांचे डबे ठेवले की सांगावंच लागेल.